साता, हालु आणि ईर : फिनलंडहून किनवटपर्यंत

आजचा विषय लांबचा वाटेल. फिनलंडची भाषा, फिनिश. पण लगेच बंद करू नका, थोड्याच वेळात आपण देगलूरला पोचतोय.

फिनिशमध्ये शंभरला म्हणतात 'साता'. संस्कृतात शंभर म्हणजे शत, आणि आपल्या दोनशे-तीनशेमधला 'शे' त्याच शतचा वंशज. हातोड्याला फिनिशमध्ये 'वासारा', आपल्याकडं वज्र. मधाला 'मेसि', आपल्याकडं मधु. गुलामाला 'ओर्या', आणि हा शब्द बहुतेक अभ्यासक 'आर्य'शी जोडतात. बहुधा लढाईत धरून आणलेल्या माणसांवरून पडलेलं नाव. इतिहासात असले विनोद खूप आहेत.

आता हे चार शब्द व्हॉट्सॲपवर टाकले की काय होणार? "फिनिश भाषा संस्कृतमधून निघाली, अभिमानानं फॉरवर्ड करा." आणि ते साफ चूक आहे. फिनिश आपल्या कुटुंबातली नाहीच. इंग्रजी, जर्मन, रशियन, फारसी, हिंदी, मराठी ही सगळी एका मोठ्या खानदानातली, इंडो-युरोपियन. फिनिशच्या शेजारची स्वीडिशसुद्धा त्यातलीच. फिनिश मात्र उरालिक कुटुंबातली. एस्टोनियन, सामी, हंगेरियन आणि रशियाच्या आत पसरलेल्या मारी, कोमी, नेनेत्स अशा भाषा ही तिची भावंडं. मूळ उरालिक बोलणारे नेमके कुठले, उरल पर्वताच्या अलीकडचे की पलीकडचे सायबेरियातले, यावर अजून वाद चालू आहे.

मग 'साता' आला कुठून? शेजारातून. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, संस्कृत आणि इराणी भाषा अजून वेगळ्या व्हायच्या होत्या, तेव्हा त्यांची पूर्वज भाषा बोलणारे लोक उरलच्या दक्षिणेकडच्या गवताळ मुलखात राहत होते. उरालिकवाल्यांशी त्यांची ऊठबस होती, त्यात हे शब्द इकडून तिकडं गेले. म्हणजे फिनिश आणि मराठीत चार शब्द जुळतात, पण नातं नाही. उसनवारी आहे.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळं मला हे गिटसारखं दिसतं. एका प्रोजेक्टचा फोर्क काढून दोन टीमनी वेगवेगळं काम केलं, ते नातं. दुसऱ्याच्या रेपोमधून चार फंक्शन उचलून आपल्यात चिकटवली, ती उसनवारी. दोन्हीकडं सारखा कोड सापडतो. फरक कळतो तो कमिट हिस्टरी बघून. भाषेला कमिट हिस्टरी नसते, मग काय बघायचं?

आवाज बघायचे. म्हणजे शब्द दिसायला सारखे आहेत का हे नाही, तर त्यांच्यातला फरक नियमानं पडलाय का हे. फिनिश आणि हंगेरियन ऐकायला अजिबात सारख्या नाहीत. पण माशाला फिनिशमध्ये 'काला', हंगेरियनमध्ये 'हॉल'. तीनला 'कोल्मे' आणि 'हारोम'. फिनिशमध्ये झोपडीला 'कोता', हंगेरियनमध्ये घराला 'हाझ'. फिनिश 'क'च्या जागी हंगेरियन 'ह'. आणि मजा पुढं आहे. हाताला 'कॅसि' आणि 'केझ', इथं 'क' तसाच राहिला! कारण हंगेरियनमध्ये 'क'चा 'ह' झाला तो आ, ओ अशा घशाकडच्या स्वरांच्या आधी. इ, ए, ॲ अशा पुढच्या स्वरांच्या आधी झाला नाही. म्हणजे अपवादसुद्धा नियमानं. असं कुणी उसनं घेऊन होत नाही. १७७० साली शायनोविच नावाच्या एका हंगेरियन पाद्र्यानं हंगेरियन आणि उत्तरेतली सामी एकाच मुळाच्या आहेत असं मांडलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एकच असावं हे विल्यम जोन्सचं गाजलेलं भाषण १७८६चं. म्हणजे हे काम त्याच्याही १६ वर्षं आधीचं.

आता देगलूर.

मी नांदेडचा, वडिलांचं गाव बिलोलीकडं, आजोळ उदगीर. बिलोली-देगलूर भागातल्या बाजारात तेलुगू कानावर पडतेच. दुधाला 'पालु'. उदगीरहून बीदरच्या बाजूला निघालात की कन्नड सुरू होते, तिथं दूध म्हणजे 'हालु'. डुकराला तेलुगूत 'पंदि', कन्नडात 'हंदि'. वाघ 'पुलि' आणि 'हुलि'. फूल 'पुव्वु' आणि 'हूवु'. तेलुगू 'प'च्या जागी कन्नड 'ह', एकामागून एक. जुन्या कन्नडातही 'प'च होता, नंतर बदलला. फिनलंड-हंगेरीची गोष्ट तुम्हाला उदगीर ते बिलोली एका एसटीच्या अंतरात ऐकायला मिळते. याच पद्धतीनं १८१६ साली मद्रासमध्ये एलिस नावाच्या अधिकाऱ्यानं दाखवलं की तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं कुटुंब संस्कृतपेक्षा वेगळं आहे. १८५६ साली काल्डवेलनं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि 'द्राविडी' हे नाव रूढ केलं.

या काल्डवेलसाहेबांनी आणखी एक उडी मारली होती. त्यांचं म्हणणं, द्राविडी भाषा आणि फिनिश-तुर्की वगैरे भाषा लांबच्या नातेवाईक आहेत. कारण काय, तर दोन्हीकडं शब्दाला शेपटासारखे प्रत्यय जोडत जातात. फिनिशमध्ये घर 'तालो', घरात 'तालोस्सा', घरातून 'तालोस्ता'. ऐकायला आपलंच वाटतं ना? घर, घरात, घरातून! पण प्रत्यय जोडायची सवय जगात ठिकठिकाणी आहे. 'काला-हॉल'सारखी नियमबद्ध जोड तिथं सापडली नाही, म्हणून आज बहुतेक अभ्यासक ते नातं मानत नाहीत. फॉरवर्ड करणाऱ्यांना हे अजून कळायचंय.

आता मराठीकडं येऊ. मराठी कोणाची? याचा सगळ्यात चांगला पुरावा मला नांदेडमध्येच मिळाला, सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात. तिथं देशभरातून संगत येते, पंजाबी सतत कानावर असते. पंजाबीत सातला 'सत्त', हाताला 'हत्थ', कानाला 'कन्न', कामाला 'कम्म', दुधाला 'दुद्ध'. संस्कृत सप्त, हस्त, कर्ण, कर्म, दुग्ध. प्राकृतात झालं सत्त, हत्थ, कण्ण, कम्म, दुद्ध. मराठीनं पुढं जोडाक्षर सोडलं आणि मागचा स्वर लांबवला: सात, हात, कान, काम, दूध. पंजाबी मात्र त्या जोडाक्षराशीच थांबली. म्हणजे पैठणच्या सातवाहनांच्या काळात आपले पूर्वज ज्या धाटणीनं बोलत होते, त्यातला एक तुकडा तुम्हाला आज नांदेडच्या रिक्षात मागच्या सीटवरून ऐकू येतो. हाल राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, ती मराठीची पूर्वज. मुकुंदराजांचा विवेकसिंधु परंपरेनं ११८८चा, अंबाजोगाईचा. म्हाइंभटांचं लीळाचरित्र १२७८च्या सुमाराचं. अंबाजोगाई लातूरहून किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

तर खानदान ठरलं, इंडो-आर्य. पण घरात सामान कुणाकुणाचं आहे?

थोरल्या बहिणीला अक्का, भावाला अण्णा, अप्पा, हे सगळं द्राविडीतून आलेलं. तूप कन्नड 'तुप्प'. अडकित्ताही तिकडचाच. आणि नुसते शब्द असते तर सोडून देता आलं असतं. "आम्ही चाललो" आणि "आपण चाललो" यात फरक आहे, पहिल्यात तुम्ही नाही, दुसऱ्यात आहात. संस्कृतात हा फरक नाही, हिंदीतल्या 'हम'मध्ये नाही. तेलुगूत आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. मराठीनं 'आपण' हा शब्द घरचाच वापरला, संस्कृत 'आत्मन्'वरून आलेला, पण त्याचा उपयोग शेजाऱ्याच्या पद्धतीनं केला. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे, तेलुगूतही असे दोन च आहेत. "येतो म्हणून म्हणला" या वाक्यातलं 'म्हणून' घ्या. तेलुगूत त्याच जागी 'अनि' येतं, आणि अनि म्हणजे शब्दशः 'म्हणून'. फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७१मध्ये तर असा प्रश्न टाकला की मराठीची घडणच दोन भाषांच्या मिश्रणातून झाली का? विश्वनाथ खैरे यांनी 'द्रविड महाराष्ट्र'मध्ये आणखी पुढं जाऊन तमिळ मुळं शोधली. खैरेंचं सगळं मला पटत नाही. बऱ्याच ठिकाणी नुसतं साम्य दिसतं, नियम दिसत नाही. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता.

आणि हे होणारच होतं. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्याच्या पलीकडं. नांदेड जिल्ह्यातले शिलालेख रित्ती आणि शेळके यांनी १९६८ साली पुस्तकरूपानं छापले, त्यातले बरेच कन्नडमध्ये आहेत. देगलूरजवळच्या होट्टलची देवळं बघायला जाता, सेल्फी काढता, तिथंही त्याच काळाचा मुलूख आहे. जिल्ह्याच्या सीमा तर काल-परवाच्या. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यातून इकडं आले, किनवट आदिलाबादमधून आलं, आणि नांदेडकडचे मुधोळ, भैंसा तिकडं गेले. रेषा कागदावर पडली. बाजार, सोयरीक आणि जत्रा त्याआधी शेकडो वर्षं चालू होत्या.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मला पहिल्या महिन्यातच एकानं सांगितलं, "तुमची मराठी शुद्ध नाही हो, तेलुगू-उर्दू मिक्स आहे." 'काय करलालास' म्हटलं की टीममध्ये हशा. आता 'करलालास' म्हणजे 'करू लागलास'. दोन शब्द झिजून एक झाला. फिनलंडमध्ये पुस्तकात 'मिनॅ ओलेन' म्हणजे मी आहे, आणि रस्त्यावर सगळे म्हणतात 'मॅ ओन'. तिथं त्याला बोली फिनिश म्हणतात, त्यावर अभ्यास होतो. 'सप्त'चा 'सात' झाला तो अशाच झिजण्यातून, आणि 'सात' म्हणताना पुण्यात कुणी हसत नाही.

मिक्सबद्दल बोलायचं तर फिनिशची यादी ऐका. आईला 'ऐति', हा शब्द जर्मानिक भाषांकडून उसना. मुलीला 'तितॅर' आणि बहिणीला 'सिसार' बाल्टिक भाषांकडून. दाताला 'हाम्मास', तोही बाल्टिक. राजा 'कुनिंगास' जर्मानिक, आणि गंमत म्हणजे त्याचं जुनं रूप आज स्वीडिश-जर्मनमध्ये राहिलं नाही, फिनिशमध्ये राहिलं. 'आणि' या अर्थाचा 'या' तोसुद्धा उसना. आपण तरी काय केलं? "राम व शाम" यातला 'व' फारसी-अरबीतून आलाय. फिनिशमध्ये विशेषणालाही नामासारखे प्रत्यय लागतात, 'मोठ्या घरात' म्हणताना 'मोठ्या'लाही 'आत'चा प्रत्यय. हंगेरियनमध्ये असं नाही, आणि फिनिशनं ही सवय शेजारच्या इंडो-युरोपियन भाषांकडून घेतली असं मानतात. आई उसनी, 'आणि' उसना, व्याकरणाचा एक तुकडा उसना, तरी फिनिश उरालिकच राहिली. कारण पाणी 'वेसि', मासा 'काला', हात 'कॅसि', डोळा 'सिल्मॅ', हे घरचे आहेत आणि नियमानं जुळतात.

दुसरं एक साम्य मला जास्त जवळचं वाटतं. फिनलंड शेकडो वर्षं स्वीडनच्या राज्यात होतं. कोर्ट, कचेरी सगळं स्वीडिशमध्ये, फिनिश शेतकऱ्यांची. मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूनं १५४३च्या सुमारास पहिलं अंकलिपीचं पुस्तक काढलं, १५४८ला नवा करार. त्यानंतरही लिहिण्यात फिनिश मागंच राहिली. १८०९ला फिनलंड रशियाकडं गेलं. १८३५ला एलियास ल्योनरोत या डॉक्टरनं गावोगाव फिरून जमवलेल्या लोकगीतांतून 'कालेवाला' उभं केलं. मग लिहायची फिनिश पूर्वेच्या बोलीवर उभी करायची की पश्चिमेच्या, यावर जोरदार भांडणं झाली. १८५८ला पहिली फिनिश माध्यमाची माध्यमिक शाळा, १८६३ला झारचा हुकूम की वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान द्यायचं. (लिनक्सवाला लिनस टोरवाल्ड्स फिनलंडचा, पण घरची भाषा स्वीडिश. कॉम्प्युटरला फिनिशमध्ये 'तिएतोकोने' म्हणतात, म्हणजे माहितीचं यंत्र. आपला 'संगणक' कचेरीबाहेर पडला नाही, त्यांचा शब्द पोरं रोज वापरतात.)

मराठवाड्यात निजामाच्या राज्यात बोलणं मराठी आणि दफ्तर आधी फारसी, मग उर्दू. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे. १९१८ला हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण ही तेव्हा मोठीच गोष्ट होती, हे मान्य करायला हवं, पण मराठी, तेलुगू, कन्नड पोरांसाठी ती घरची भाषा नव्हती. माझे आजोबा शेताचे जुने कागद उर्दूत वाचायचे आणि भांडायचे मराठीत. १७ सप्टेंबर १९४८नंतर चित्र बदललं, १९५०ला नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज सुरू झालं. आणि ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, नांदेडच्या ग्रुपवरही पेढ्यांचे फोटो आले.

इथं थांबलो असतो तर एपिसोड गोड झाला असता. पण किनवट राहिलंय.

किनवट-माहूरच्या डोंगरात कोलामांची पोडं आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती. कोलामी बोलतात. ही मराठीची बोली नाही, तेलुगूचीही नाही. द्राविडी कुटुंबाची मधली शाखा आहे, तिच्या सख्ख्या बहिणी आंध्र-ओडिशा-छत्तीसगडच्या जंगलात विखुरल्यात. पाण्याला तेलुगू-कन्नडात 'नीरु', कोलामीत 'ईर', शेजारच्या गोंडीत 'एर'. डोळा कन्नडात 'कण्णु', तेलुगूत 'कन्नु', कोलामीत 'कन'. अमेरिकेतल्या एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं हिच्यावर १९५५ साली अख्खं पुस्तक लिहिलं. २०११च्या जनगणनेत देशभरात कोलामी सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. नांदेडमध्ये एक कुटुंब शोधायला फिनलंडला जायची गरज नव्हती, तीन तासांवर होतं, आणि शाळेत असताना मला कुणी त्याचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

पोडातलं पोर पहिलीत जातं तेव्हा पुस्तक मराठी, गुरुजी मराठी. जे निजामाच्या काळात आमच्या आजोबांना उर्दूचं वाटायचं, ते त्याला मराठीचं वाटत असणार. गोंड पोराला तेच, तांड्यावरच्या पोराला तेच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलंय. आपल्याकडं 'घरची भाषा' म्हटलं की सगळे मराठी विरुद्ध इंग्रजी एवढंच भांडतात.

फिनलंडनंही हेच केलं होतं. स्वीडिशखाली दबलेली फिनिश मोठी झाली, आणि उत्तरेकडच्या सामी पोरांना शाळेच्या वसतिगृहात ठेवून फिनिशमध्ये शिकवू लागली. सामीही उरालिकच, म्हणजे घरातलीच. इनारी सामी नावाच्या भाषेचे आज तीन-चारशे बोलणारे उरलेत. १९९७ला तिथं एक 'भाषेचं घरटं' सुरू झालं. बालवाडीच, फक्त आत पाऊल टाकलं की इनारी सामीच बोलायचं, सांभाळणारेही तेच बोलणार. नव्वदच्या दशकात ही भाषा बोलणारी लहान पोरं हातावर मोजण्याइतकी होती, घरट्यातून निघालेली मुलं आता स्वतः शिकवतायत. त्याला लागलं काय, तर एक खोली, भाषा येणारी दोन-चार माणसं आणि पगार.

किनवटच्या अंगणवाडीत खोली आहे, आज्या पोडावर आहेत. पगाराचं कोण बघणार, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही. ऐकणाऱ्यांत किनवट-माहूरचे कुणी असाल, आशाताई किंवा शिक्षक असाल, तर मला मेसेज करा, तुमच्याकडं नेमकं कसं चालतं ते ऐकायचंय.

बाकीच्यांना एक काम. पुढचा भाग तुमच्या आवाजावर करणार आहे. तुमच्या गावात दूध, पाणी आणि डोळा याला घरी काय म्हणतात, ते तीन शब्द व्हॉइस नोटमध्ये बोला आणि गावाचं नाव सांगा. तेलुगू, कन्नड, गोंडी, गोरमाटी, दखनी, कोलामी, काहीही चालेल. आजीकडून बोलवून घेतलंत तर उत्तमच. फक्त मागं टीव्ही बंद ठेवा.